निकालाची वाट

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर नाहीतर किमान वेतनावर बोलू असा त्यांचा समज झाला होता. तो साहजिकच होता. ज्याची तीस वर्षे विडी-कामगार आणि यंत्रमाग-कामगार यांच्या संघटनेत गेली, त्याने शाळेच्या परीक्षेवर कशाला बोलावे? शिवाय आमचे स्वतःचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते नगर वाचनालयात आणि औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यांच्या नकला शब्दकोश शेजारी घेऊन वाचताना झाले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. त्याला एक कारण घडले.

संघटनेच्या कचेरीत माणसे पगाराच्या तक्रारी घेऊन येतात, तशी अलीकडे मुलांचे अर्ज भरून घ्यायलाही येतात. आमच्या सभासदांपैकी एका विडीवाल्या बाईंची मुलगी पाचवीत होती. हुशार म्हणून शाळेत तिचे नाव होते. तिला एका निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसविले. परीक्षा झाली आणि बाईंचे वाट पाहणे सुरू झाले. दर आठवड्याला मजुरी घेऊन परतताना त्या कचेरीच्या उंबऱ्याशी थांबत आणि विचारीत, “भाऊ, लागला का निकाल?” आम्ही मोबाइलवर पाहून सांगत असू, “अजून नाही, ताई.” तेवढ्या दिवसांत त्यांनी बाजारात ट्रंकेची किंमत काढून ठेवली होती आणि मुलगी गेल्यावर घरचे पाणी कोण भरील याचाही विचार करून ठेवला होता. अखेर निकाल लागला. यादीत मुलीचे नाव नव्हते. बाई जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे भाऊ, पोरीला छाटीत काढली म्हणा की.”

हा शब्द येथे सर्वांस ठाऊक नसेल. वळलेल्या विड्या घेताना कारखान्याचा तपासनीस काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. छाट विडी खरोखरच वाईट असते, की तपासनिसाला त्या दिवशी तेवढी छाट काढायचीच असते, हा आमच्या धंद्यातला जुना वाद आहे. बाईंनी शब्द सहज वापरला, पण आम्ही निरुत्तर झालो. त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर शोधीत आम्ही इतिहासाकडे वळलो, आणि तो शोध आम्हांला इंग्लंडात घेऊन गेला. कारण तेथे एके काळी साऱ्या देशातल्या आईबापांनी दर वर्षी ही वाट पाहिलेली आहे.

बिने यांचा हेतू

परीक्षेच्या आधी परीक्षेच्या हत्याराची माहिती घेतली पाहिजे. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणारी मुले केवळ मास्तरांच्या मर्जीवर न सोपविता कशी ओळखावी, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्या समितीत आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी थिओदोर सिमों या डॉक्टरांच्या साहाय्याने १९०५ साली ३० प्रश्नांची एक चढती श्रेणी रचली. जळती काडी डोळ्यांपुढून फिरविली तर मूल तिच्याकडे पाहते का, येथपासून दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगता येतो का, येथपर्यंत. जे मूल मागे पडले आहे त्याला वेगळी मदत द्यावी, हा त्यांचा हेतू. बुद्धी ही जन्माची ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांचा बिने यांनी स्पष्ट निषेध केला होता. सरावाने ती वाढविता येते, असे ते म्हणत, आणि तसे व्यायामही त्यांनी सुचविले होते. १९११ साली ते वारले.

पुढे हत्यार दुसऱ्यांच्या हाती गेले. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या श्रेणीची नवी आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक हा शब्द घरोघर गेला. याच टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील शाळांतून असामान्य बुद्धीची मुले निवडण्यास आरंभ केला आणि १५०० हून अधिक मुले आयुष्यभर अभ्यासण्यासाठी वहीत नोंदविली. त्या वेळी तपासणी होऊनही कमी गुणांमुळे गळालेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ अशी दोन मुले होती. पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. निवडलेली मुले निकामी निघाली असा याचा अर्थ नव्हे. त्यांतली पुष्कळ नावारूपास आली. परंतु चाळणीच्या खाली काय पडते हे चाळणाऱ्याला दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

फुकट जागा

आता इंग्लंडकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्राथमिक शाळा फुकट होती, पण माध्यमिक शाळेला फी पडे. कामगाराचे मूल बारा-तेराव्या वर्षी गिरणीत नाहीतर खाणीत जाई. १९०७ साली सरकारने नियम केला, की ज्या माध्यमिक शाळेला पूर्ण अनुदान हवे, तिने साधारणपणे चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतल्या मुलांना विनामूल्य द्याव्यात. या फुकट जागा म्हणजे कामगारांच्या मुलांसाठी उघडलेले पहिले मोठे दार होय, आणि त्याचे श्रेय आम्ही कमी करीत नाही.

पण येथेच एक बारीक गोष्ट घडली, आणि आमच्या मते सगळा इतिहास तिच्यात आहे. मूळ नियमात परीक्षा होती ती पात्रतेची. मूल माध्यमिक शाळेत शिकण्याजोगे आहे ना, एवढेच पाहायचे होते. प्रत्यक्षात जागांपेक्षा पात्र मुले किती तरी अधिक निघाली. मग काय करावे? जागा वाढविण्यास पैसे लागतात. परीक्षा अवघड करण्यास लागत नाहीत. तेव्हा पात्रतेची परीक्षा हळूहळू चुरशीची परीक्षा झाली. ज्या मुलाला काल “तू योग्य आहेस, पण जागा नाही” असे सांगावे लागले असते, त्याला आज “तू नापास झालास” असे सांगता येऊ लागले. हिशेबातली तूट मुलाच्या खाती पडली.

जी मुले पास झाली त्यांतलीही पुष्कळ गेली नाहीत. फी माफ होती, पण गणवेश, पुस्तके, जाण्यायेण्याचा खर्च आणि घरात येणाऱ्या आठवड्याच्या मजुरीची तूट कोणी माफ केली नव्हती. आईबापांनी पत्र हाती घेऊन, विचार करून, ते परत केले. १९३२ साली मंदीच्या नावाखाली या फुकट जागांनाही घरच्या उत्पन्नाची अट लागली.

बुद्धिमापन चाचण्या या व्यवस्थेत शिरल्या त्या सगळ्याच वाईट हेतूने नव्हे. न्यूकॅसलचे प्राध्यापक गॉडफ्री थॉमसन यांच्या ध्यानात आले, की नॉर्थम्बरलंडच्या आडगावांतल्या काही शाळांतून एकही मूल या परीक्षेला बसत नाही. तेथे हुशार मूल नाही, की मास्तर पाठवीतच नाहीत? १९२१ साली त्यांनी अशा शाळांतल्या मुलांसाठी चाचणी रचली, ती लपलेले मूल शोधून काढण्यासाठी.

आम्हांला हे वाचताना आमचा चौथीचा वर्ग आठवला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायची मुले गुरुजींनी निवडली, त्यांत आम्ही होतो. आमच्या शेजारी बसणारा मुलगा तोंडी हिशेबात आमच्या दसपट पुढे. पण तो आठवड्यातले दोन दिवस शेळ्या राखी, म्हणून त्याचे नाव कोणी घेतले नाही. आज तो गावातला नावाजलेला माग-मिस्त्री आहे. यंत्र कुठे अडते ते नुसत्या आवाजावरून सांगतो. थॉमसनसारखा कोणी आमच्या शाळेत आला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही.

१९४४ चा कायदा

“सर्वांना माध्यमिक शिक्षण” ही मागणी इंग्लंडच्या मजूर पक्षाने १९२२ साली मांडली. तिचा मसुदा आर. एच. टॉनी या इतिहासकारांनी लिहिला होता. १९२६ साली हॅडो समितीने अकराव्या वर्षी सर्व मुलांना प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत न्यावे असे सुचविले. दुसरे महायुद्ध चालू असतानाच १९४४ साली नवा शिक्षण कायदा झाला आणि सरकारी माध्यमिक शाळांतली फी कायमची गेली. कामगार चळवळीने बावीस वर्षे मागितलेली गोष्ट पदरात पडली.

फी गेली, चाळणी राहिली. १९४३ च्या नॉरवुड समितीने असे मांडले होते, की मुलांची मने तीन प्रकारची असतात : पुस्तकी ज्ञानात रमणारी, यंत्रतंत्रात रमणारी आणि प्रत्यक्ष वस्तूंत रमणारी. त्याप्रमाणे शाळाही तीन तऱ्हेच्या : ग्रामर स्कूल, टेक्निकल स्कूल आणि सेकंडरी मॉडर्न. कायद्यात या तीन तऱ्हा लिहिलेल्या नव्हत्या, पण कारभार तसा चालला. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. म्हणजे उरल्या दोन. सुमारे चार-पाच मुलांतले एक ग्रामर स्कूलला जाई आणि तेथून विद्यापीठाकडे, कचेरीकडे, डॉक्टरकीकडे रस्ता निघे. बाकीची सेकंडरी मॉडर्नला. ती पंधराव्या वर्षी शाळा सोडीत, आणि १९५१ पासून सुरू झालेली शालान्त परीक्षा आरंभी सोळा वर्षांखालच्या मुलाला देताच येत नसे. दोन्ही शाळांचा मान सारखा राहील, असे सरकार सांगत होते. जे दोन कामगार एकाच खात्यात वेगवेगळ्या दराने राबतात, त्यांना मालक असेच सांगत असतो.

हे सर्व कोणाच्या हातून झाले? आमच्याच माणसांच्या. १९४५ साली मजूर सरकारात शिक्षणमंत्री झालेल्या एलेन विल्किन्सन मँचेस्टरच्या कामगार वस्तीतल्या. वडिलांनी कापड गिरणीत काम केलेले. स्वतः शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेलेल्या. १९३६ साली जॅरोच्या बेकारांचा लंडनवर मोर्चा गेला त्यात त्या चालल्या होत्या. १९३२ साली कृष्ण मेनन यांच्याबरोबर हिंदुस्थानात येऊन येथील दडपशाहीचा अहवाल तयार करणाऱ्या मंडळातही त्या होत्या. त्यांनी शाळा सोडण्याचे वय १५ केले, शाळेत मुलांना फुकट दूध सुरू केले. परंतु ही तीन तऱ्हांची व्यवस्था त्यांनी उचलून धरली. परीक्षेने त्यांना स्वतःला वर आणले होते. तीच परीक्षा दुसऱ्या कोणाला खाली ठेवील हे त्यांना पटत नव्हते. दार ज्याच्यासाठी उघडले, त्याला ते दार मोठेच वाटते. आपणही हे स्वतःविषयी तपासून पाहावे.

पाकिटाचे दिवस

ही परीक्षा इलेव्हन प्लस या नावाने ओळखली जाऊ लागली. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन असे तिचे तीन भाग. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी, बहुधा हिवाळ्यात किंवा वसंताच्या आरंभी, मूल ती देई. मग आठवड्यामागून आठवडे घरात सगळे टपालाच्या दांडीकडे डोळे लावून बसत. पास झालास तर सायकल घेऊन देऊ, असे वचन किती तरी घरांतून दिले गेले. ज्यांना परवडे त्यांनी शिकवण्या लावल्या, सरावाच्या पुस्तकांवर पैसे घातले. कोठे निकाल घरी पत्राने येई, आणि पाकिटाच्या जाडीवरून आत काय आहे ते न फोडताच कळे. पास असेल तर गणवेशाची यादी, पुस्तकांची माहिती, सूचना. नापास असेल तर एकच कागद. कोठे शाळेत नावे वाचून दाखवीत, आणि ज्याचे नाव आले नाही त्याला ते सर्वांदेखत कळे.

एका गल्लीतली दोन मुले सप्टेंबरपासून वेगवेगळ्या टोप्या घालून वेगवेगळ्या दिशांना जात. एका घरातल्या दोन भावंडांचेही तसे होई. पैसेवाल्याचे मूल नापास झाले तर बाप त्याला खासगी शाळेत घाली. कामगाराच्या मुलाला दुसरे पाकीट नव्हते. तेराव्या वर्षी बदलीची सोय कागदावर होती. तिचा लाभ फार थोड्यांना मिळाला.

या वाट पाहणाऱ्या आईबापांना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मुलाने पेपर सोडविण्यापूर्वीच त्या तालुक्यात किती मुले “हुशार” ठरायची, तो आकडा ठरलेला असे. ग्रामर स्कूलात जितक्या खुर्च्या तितकी हुशार मुले. वेल्सच्या काही भागांत जुन्या शाळा पुष्कळ होत्या, तेथे शंभरांतली चाळीसहून अधिक मुले ग्रामर स्कूलला जात. इंग्लंडच्या काही औद्योगिक शहरांत शंभरांत दहा-पंधराच. वेल्सच्या डोंगरात बुद्धी पिकते आणि जहाजबांधणीच्या गावात पिकत नाही, असे का कोणी म्हणेल? मुलींचे तर आणखी विचित्र. त्या वयात मुली परीक्षेत सरस ठरत. सरळ गुणानुक्रमे घेतले असते तर मुलांपेक्षा मुलींनाच जास्त जागा मिळाल्या असत्या. म्हणून अनेक ठिकाणी मुलामुलींच्या याद्या वेगळ्या ठेवीत आणि मुलीला अधिक गुण मिळवावे लागत. बर्मिंगहॅम शहरात मुलांना ५४० आणि मुलींना ३६० जागा होत्या. हा अन्याय आहे असे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले ते १९८९ साली.

येथे आम्हांला आमच्या धंद्यातली एक तुलना सांगू द्या. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा फाटकावर सकाळी बदली कामगार उभे राहत. आत जितके खाडे, तितक्या बदल्या भरल्या जात. उरलेले परत जात. परत गेलेला माणूस घरी बायकोला सांगे, “आज खाडे कमी होते.” त्याला राग येई, भूक लागे, पण “मी नालायक ठरलो” असे तो सांगत नसे, कारण फाटकाचा हिशेब त्याला ठाऊक होता. इंग्लंडातल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाला मात्र खुर्च्यांचा हिशेब कोणी सांगितला नाही. त्याला सांगितले ते एवढेच, की तुझे मन दुसऱ्या जातीचे आहे. आणि ते त्याने खरे मानले. सत्तरी ओलांडलेली माणसेही त्या देशात आपल्या त्या पाकिटाची आठवण काढतात.

मोजमापाचा हिशेब

मोजमाप तरी बिनचूक होते का? १९५७ साली इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय शिक्षण संशोधन प्रतिष्ठानाने याची छाननी करून सांगितले, की उपलब्ध पद्धतींपैकी उत्तमात उत्तम पद्धत वापरली तरी शंभरांतली सुमारे दहा मुले चुकीच्या शाळेत जाणारच. म्हणजे वर्षाला हजारो मुले. शिकवणीने बुद्धिमापनाचे गुण वाढतात, हेही त्याच दशकात सिद्ध झाले होते. वाढणारी वस्तू जन्मसिद्ध कशी? त्याच सुमारास काही सेकंडरी मॉडर्न शाळांनी आपली नापास ठरलेली मुले एक वर्ष अधिक ठेवून शालान्त परीक्षेला बसविली, आणि ती पास झाली.

बुद्धी मुख्यत्वे वंशाने येते, या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते सर सिरिल बर्ट. १९१३ पासून ते लंडन काउंटी कौन्सिलचे मानसशास्त्रज्ञ होते आणि सरकारी समित्यांवर त्यांच्या मताचा मोठा प्रभाव होता. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासावर त्यांचा भर. १९७१ साली ते वारले. १९७४ साली अमेरिकेतले लिओन कामिन यांनी दाखवून दिले, की बर्ट यांच्या जुळ्यांच्या जोड्या १९५५ साली २१ होत्या, १९६६ साली ५३ झाल्या, तरी त्यांच्या बुद्ध्यंकांतला संबंध दाखविणारा आकडा मात्र ०.७७१ हाच, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच राहिला. १९७६ साली वृत्तपत्रांतून त्यांच्यावर बनावट आकड्यांचा उघड आरोप झाला. १९७९ साली त्यांचे चरित्रकार हर्नशॉ यांनीही तो बहुतांशी मान्य केला. पुढे काही लेखकांनी बर्ट यांची बाजू मांडली आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण हजेरीपुस्तकात माणसे दुप्पट झाली आणि एकूण पगार पैशाचाही बदलला नाही, तर आमच्या संघटनेचा साधा कारकूनही ते पुस्तक पुन्हा तपासायला मागेल.

जी मुले पास झाली त्यांची कथाही एकसुरी नाही. १९६२ साली ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन यांनी यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड या लोकरगिरण्यांच्या गावातल्या, ग्रामर स्कूलात गेलेल्या ८८ कामगार-मुलांचा शोध प्रसिद्ध केला. ते दोघेही त्याच गावचे, तशाच घरांतले. त्यांना दिसले, की यशस्वी झालेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी आईची नाहीतर आजोबांची पूर्वीची बरी स्थिती होती, शिक्षणाची ओढ होती. आणि शिकून वर गेलेले मूल बहुधा आपल्या गल्लीला परके झाले. घरात बोलावे काय, हाच प्रश्न उरला.

शेवट झाला, झालाही नाही

ही पद्धत मोडली ती केवळ कामगारांच्या रागाने मोडली नाही. युद्धानंतर जन्मलेली मुले १९५० च्या दशकाच्या शेवटी अकरा वर्षांची झाली, पण खुर्च्या त्या मानाने वाढल्या नाहीत. तेव्हा कारकुनांच्या, दुकानदारांच्या, मास्तरांच्या घरीही पातळ पाकिटे पडू लागली. मग बोभाटा झाला. १९५४ साली लंडनमध्ये किडब्रुक येथे सर्व मुलींना एकत्र घेणारी मोठी शाळा निघालेलीच होती. १९५७ साली लेस्टरशायरने अकराव्या वर्षीची चाळणी टाळण्याची योजना काढली. १९६५ साली मजूर सरकारचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सर्व जिल्ह्यांना एकत्रित शाळांकडे वळण्याची विनंती करणारे परिपत्रक काढले. १९७० साली हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर त्या खात्यावर आल्या, त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले; पण त्यांच्याच काळात पुष्कळ ग्रामर स्कूले एकत्रित झाली. आईबापांची लाट आली की मंत्र्याचे मतही वाहून जाते, ते असे.

आज इंग्लंडात १६३ ग्रामर स्कूले उरली आहेत आणि केंटसारख्या भागात मुले अजून ती परीक्षा देतात. उत्तर आयर्लंडात सरकारी परीक्षा २००८ साली बंद झाली, तर शाळांनी आपापल्या परीक्षा काढल्या. जेथे परीक्षा गेली तेथेही चांगल्या शाळेजवळच्या घरांच्या किमती चढल्या. चाळणी एका दारातून गेली ती दुसऱ्या दारातून आत येऊ पाहते. १९५८ साली मायकेल यंग यांनी गुणवंतांच्या राज्यावर एक उपरोधिक पुस्तक लिहिले. गुणाने वर गेलेला माणूस आपले स्थान हक्काचे मानू लागेल आणि खाली राहिलेल्याला तक्रारीचाही अधिकार उरणार नाही, हा त्यांचा इशारा होता. लोकांनी तो शब्द उचलला आणि स्तुतीसाठी वापरला. २००१ साली, म्हातारपणी, यंग यांना वृत्तपत्रात त्याबद्दल तक्रार करावी लागली.

आपल्या घरचे

हे सर्व परदेशातले म्हणून सोडून देण्याजोगे नाही. बिने यांची श्रेणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, तीही स्वातंत्र्यापूर्वीच. १९८५-८६ साली ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालये सुरू झाली. पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीत. तेथे राहणे, जेवण, शिक्षण विनामूल्य, तीन-चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या, एक-तृतीयांश मुलींच्या. या शाळांनी खेड्यापाड्यांतली किती तरी मुले पुढे आणली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रवेशपरीक्षेचे भाग पाहा : मानसिक क्षमता, गणित आणि भाषा. इलेव्हन प्लसचे तेच तीन भाग. एका विद्यालयात सहावीला जागा सुमारे ८०; जिल्ह्यातून बसणारी मुले हजारोंनी. आणि एका मुलाला ती परीक्षा एकदाच देता येते.

चुरशीच्या परीक्षेने शिक्षण पसरत नाही, हे ओळखायला आपल्याला इंग्लंडात जायची गरज नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी ते सांगून ठेवले आहे. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणे वरवर न्याय्य दिसले तरी मागे राहिलेल्या वर्गांत त्याने विद्या पसरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मुख्य मागणी. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, ती चाळणी घेऊन नव्हे. मूल आले की त्याला वसतिगृहात घ्यायचे, राबायला लावायचे आणि शिकवायचे. जागा कमी पडली तर आणखी एक वसतिगृह काढायचे. दोन्ही वाटा आपल्याच मातीतल्या आहेत, फक्त दुसरी खर्चिक आहे.

निवडीच्या शाळा बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला एक दार उघडले आहे त्याचे दार लावून घेणारा कामगारांचा पुढारी आम्ही तरी पाहिलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की निकालाची यादी ही खुर्च्यांची यादी आहे, मुलांची किंमत नव्हे, हे मुलाला आणि आईबापाला निकालापूर्वीच सांगितले पाहिजे. आणि यादीत नाव नसलेले मूल ज्या शाळेत परत जाते, त्या शाळेकडे पाहिले पाहिजे. हजारांत ८० मुलांची वाट पाहणे हे आईबापांचे काम झाले. उरलेल्यांची वाट कोण पाहणार?

त्या विडीवाल्या बाईंना आम्ही नंतर हे सारे आमच्या परीने सांगितले. लोकरगिरणीच्या गावातले पाकीट, थॅचरबाई, सगळे. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, “म्हणजे छाट पोरीची नव्हती, मोजणाऱ्याची होती.” आम्हांला तासभर लागला तो हिशेब त्यांनी एका वाक्यात केला. मुलगी आता वस्तीजवळच्या शाळेत सातवीत आहे. परवा बाई पुन्हा कचेरीच्या उंबऱ्याशी आल्या. आम्हांला वाटले, पुन्हा कसला निकाल. त्या म्हणाल्या, “भाऊ, अर्ज लिहायचाय. पोरीच्या शाळेत गणिताच्या मास्तरांची जागा दीड वर्ष रिकामी आहे. आम्ही बाराजणी सही करणार.” तो अर्ज गेल्या सोमवारी जिल्हा परिषदेत दिला. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

त्या अर्जावर सह्यांसाठी जागा अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि तो कागद आम्ही सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवला आहे.